पुजलेला फुटबॉल

त्या दिवशी सकाळी हुबळीतल्या उणकलच्या तळ्यावरून धुकं उठलं होतं. मार्गशीर्षातला गारठा. आठ वाजले तरी रस्त्यावरचा दिवा जळत होता आणि जळत असूनही नीट दिसत नव्हता. दूधवाल्याची नुसती घंटी ऐकू येई, सायकल दिसतच नसे. माझ्या पेटीच्या काचेला दव धरलं होतं. आतून मी बघत होतो, पण बघणार काय? पांढरं, नुसतं पांढरं.

मी एक फुटबॉल आहे, आणि त्या दिवशी मला पुरणार होते.

घाबरू नका, सावकाश सांगतो. मी शाळेची पायरी चढलेला नाही, मला मोठे शब्द येत नाहीत. जे अंगावर पडलं तेवढंच सांगता येतं. दहा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त होता. आमच्या गल्लीमागच्या मैदानात मधोमध कमरेएवढा खड्डा खणून ठेवला होता. त्यात मला ठेवायचं, वर हळदकुंकू, फुलं, मग खडी, मग सिमेंट. त्यावर खांब, आणि खांबांवर लग्नाचं मोठं कार्यालय. आमच्याकडं त्याला कल्याण मंटप म्हणतात. आणि मला त्या खड्ड्यात ठेवणारे हात कुणाचे? बाबाजीचे. ज्या माणसाच्या डाव्या पायानं मला जगवलं, त्याचेच.

हे असं कसं झालं, ते पहिल्यापासून ऐका.

माझा जन्म लांबचा, जालंधरकडचा. एका घराच्या ओसरीवर एक बाई गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून मला शिवत बसली होती. बत्तीस तुकडे, वीस पांढरे, बारा काळे. मेण लावलेला दोरा, दोन सुया. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. शेवटची गाठ मारली की ती सुईनं आत ढकलतात. बाहेरून ती कुणाला सापडत नाही. मला स्वतःलाही अजून सापडलेली नाही. मग हवा भरून तिनं मला समोरच्या भिंतीवर एकदा आपटलं. मी उडून सरळ तिच्या हातात आलो. ती हसली. मी जगात आलो तो असा, आपटून घेत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आपटल्याशिवाय मी उडणार कसा?

तिथून हुबळीला आलो. दुर्गदबैलाच्या बाजारात एका खेळाच्या सामानाच्या दुकानात मला जाळीत घालून टांगलं. चार महिने टांगलेला होतो. माणसं खालून जायची, मान वर करून बघायची, दर विचारायची आणि कॅरम बोर्ड घेऊन जायची. शेवटी एका स्पर्धेच्या फायनलसाठी मला काढलं. तिथं मला बाबाजी भेटला.

बाबाजी गावडे. अळणावरजवळच्या खेड्यातला. बाप लाकडाच्या डेपोत ओंडके वाहायचा, आई तानूबाई भात लावायला जायची. लहानपणी तो कापलेल्या भाताच्या शेतात अनवाणी खेळला. खुंटं टोचू नयेत म्हणून पाय कसा उचलायचा, कुठं टाकायचा, हे त्याच्या पायालाच कळलेलं. पुढं शहरातले लोक म्हणायचे, काय नाचतो हा मैदानात! तो नाचत नव्हता, खुंटं चुकवत होता. त्या पायांवर त्याला रेल्वेच्या कारखान्यात खेळाडू म्हणून फिटरची नोकरी मिळाली. सकाळी खेळ, दिवसा पाना आणि हातोडा.

फायनलला एकेक गोल झाला होता. संपायला तीन-चार मिनिटं असतील. मी डाव्या कडेला लोळत होतो. हा आला. त्यानं मला पायाच्या आतल्या बाजूनं नुसतं सरकवलं, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि मग जो पाय घातला! माझ्या अंगातली सगळी हवा एकदम जागी झाली. खाली हजारभर डोकी, वर मी, कानात वारं. गोलकीपरच्या बोटांची टोकं मला लागली, एवढंच. मग जाळीत जाऊन पडलो.

स्पर्धेवाल्यांनी मला त्यालाच देऊन टाकलं. तो मला पोटाशी धरून उणकलला आपल्या भाड्याच्या खोलीवर घेऊन आला.

पुढची बारा वर्षं मी सुखात होतो. गल्लीमागं एक मोकळी जागा होती. बाबाजीनं आणि चार मित्रांनी जुने लोखंडी पाइप आणून तिथं गोलचे खांब रोवले. रोज सकाळी खेळ. मैदानाच्या कडेला गोदूबाईंची गाडी असायची, चुरमुऱ्याच्या गिरमिटाची आणि मिरची भज्यांची. नवरा गेल्यापासून त्या गाडीवरच त्यांनी आपली मुलगी वैशाली वाढवली. त्या बाबाजीच्या शेजारच्याच. मी त्यांच्या गाडीकडं गेलो की त्या ओरडायच्या, "बाबाजी, एकदा जरी हा कढईत पडला तर ह्याला आणि तुला एकाच झाऱ्यानं काढीन!"

"अक्का, मला पातळ पीठ लावा. कुरकुरीत होईन," हा लांबून सांगायचा.

त्याचं लग्न झालं. नवनगरातल्या मास्तरांची मुलगी शुभांगी घरात आली. तिनं पहिल्याच आठवड्यात मला पलंगाखालून काढून बाहेर ठेवलं, दुसऱ्या आठवड्यात पुसून परत आत घेतलं. बाप गेल्यावर तानूबाईही खेड्यातून इथं राहायला आल्या. घर भरलं. मला शिलाईला मेण लागायचं, हवा भरली जायची, उन्हात चटके बसायचे, लाथा बसायच्या. आणखी काय हवं?

मग बाबाजीचा गुडघा गेला. खेळ सुटला, पण मैदान सुटलं नाही. तो कडेला बसून इतरांना शिकवायचा. आणि गल्लीची कामं करायचा. गटार तुंबलं की हा, पाण्याचा पाइप फुटला की हा. त्यातून लोकांना सुचलं की ह्यालाच कॉर्पोरेटर करू.

शुभांगी भांडली. "नोकरी सोडावी लागेल उभं राहायचं तर. मग खायचं काय? मतं?"

"पाचच वर्षं," बाबाजी म्हणाला. "मैदानाला कुंपण घालतो, एक नळ आणतो, आणि मोकळा होतो."

मोकळा होतो! हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकलाय.

त्यानं राजीनामा दिला आणि अपक्ष उभा राहिला. अपक्षाला यादीतून चिन्ह निवडायला देतात. त्या यादीत शिवणयंत्र होतं, नारळ होता, आणि मी होतो. त्यानं मला निवडलं. झालं, मला जीपच्या बॉनेटवर बांधलं आणि गल्लोगल्ली फिरवलं. बायका आरती घेऊन यायच्या. मला कुंकू लावायच्या, बाबाजीला नंतर. आम्ही दोनशे अकरा मतांनी निवडून आलो. आम्ही म्हणतो, कारण छाप माझी होती.

खरी चूक पुढं झाली. दुष्टपणानं नाही हो, प्रेमानं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं आयुधपूजा असते. ज्याचं पोट ज्या वस्तूवर, तो ती वस्तू पुजतो. गिरणीवाला गिरणी पुजतो, रिक्षावाला रिक्षा, न्हावी वस्तरा. गल्लीनं ठरवलं, आपल्या कॉर्पोरेटरचं आयुध म्हणजे बॉल. मला धुतलं, पाटावर बसवलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला. तानूबाईंनी डोकं टेकलं. मला काय, मी मजेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात मला ठेवलं आणि खेळायला आलेले सगळे माझ्याभोवती उभे राहिले. कुणी पाय उचलेना.

"मार की."

"तू मार."

"काल आईनं पाया पडलंय रे ह्याच्या. मी नाही मारणार."

एकाचा पाय चुकून लागला तर त्यानं वाकून हात लावला आणि तो हात छातीला लावला. मग त्यांनी वर्गणी काढून नवा बॉल आणला. मी घरी गेलो. त्या दिवसापासून मला कुणाचा पाय लागला नाही. पायाला लागायला जन्मलो होतो मी, आणि पायाला लागणंच माझं बंद झालं.

बाबाजीचंही काहीसं तसंच होत होतं, फक्त त्याला ते उशिरा कळलं. अपक्षाचं कुणी ऐकत नाही. कुंपणाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. तेव्हा गुरुप्रसाद साहेब आले. साहेब त्या भागातले एका मोठ्या पक्षाचे पुढारी. गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही. खांद्यावर हात ठेवायचे, आणि एकदा ठेवला की काढायचेच नाहीत.

"गावडे, एकट्यानं कुठं खेळतात का? टीममध्ये या," ते म्हणाले.

बाबाजी टीममध्ये गेला. कुंपणाचा अर्धा भाग झाला, नळही आला. साहेबांनी भेट म्हणून माझ्यासाठी काचेची पेटी पाठवली. चारी बाजूंनी काच, खाली लाल मखमल, वर कुलूप. घराची पुढची खोली ऑफिस झाली आणि मी त्या ऑफिसात देवासारखा बसलो.

काचेत राहिल्यावर माणसं फार बघायला मिळतात. कामाला आलेला माणूस आधी माझ्याकडं बघून हात जोडतो, मग खुर्ची बघतो. काम झालेला माणूस माझ्याकडं बघत नाही. फोन तर पहाटेपासून. "अण्णा, नीर बंदिल्ला." पाणी आलं नाही, म्हणजे आठव्या दिवशीचं पाणी नवव्या दिवशीही आलं नाही. बारसं, मुंज, बारावा, सगळीकडं बाबाजी हवा. गेला नाही तर "मोठा झाला", गेला तर "मतं मागायला आला". पांढरे कपडे त्याला आवळायचे. मैदानात पाय ठेवला की चार माणसं अर्ज घेऊन यायची, म्हणून त्यानं तिकडं जाणंच सोडलं. कधी ऑफिस रिकामं असलं तर तो पेटीजवळ यायचा आणि काचेवर तळवा ठेवायचा. मग फोन वाजायचा.

दसऱ्याला वर्षातून एकदा पेटी उघडायची. मला पुसायचे, हवा भरायचे, फोटो काढायचे, परत कुलूप. हवा भरताना मला वाटायचं, आता, आता नेतील. पण ती हवा नुसती गोल दिसण्यापुरती होती.

दुसऱ्या निवडणुकीची गंमत सांगतो. गंमतच म्हणायची, दुसरं काय म्हणू?

ह्या खेपेला बाबाजी पक्षाचा उमेदवार, त्याला पक्षाचं चिन्ह. फुटबॉल मोकळाच होता. तो एका अपक्षानं उचलला. प्रवीण त्याचं नाव, वीटभट्टीवाला. आता बाबाजीच्या ऑफिसात विरोधकाचं चिन्ह कसं चालेल? माझ्या पेटीवर शाल टाकली. सव्वा महिना मी अंधारात होतो. बाहेर रिक्षातून कर्णा ओरडत जायचा, "फुटबॉललाच मत द्या, फुटबॉललाच मत द्या!" मी म्हणायचो, अरे मी इथं आहे, बाबाजीच्या घरात!

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी तानूबाई बोटाची शाई वाळवत आल्या.

"आई, नीट दाबलंस न्हवं बटण?" बाबाजीनं विचारलं.

"दाबलं की. आधी त्या चित्राच्या पाया पडले, मग चेंडूलाच दाबलं."

खोलीत कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. शुभांगी म्हणाली, "अहो आई, चेंडू यांचा नव्हे यंदा! मी किती वेळा सांगितलं तुम्हाला! यंदा तो त्या प्रवीणचा!"

"प्रवीणचा?" तानूबाईंना ते पटेचना. "चेंडू बाबाजीचा न्हवे तर कुणाचा गं? त्या वीटवाल्यानं जन्मात कधी चेंडूला पाय लावलाय काय?"

तेवढ्यात दारातून गोदूबाईंचा आवाज आला. "तानूबाई, मीपण चेंडूलाच दाबलं की! आमच्या ओळीतल्या सगळ्यांनीच दाबलं. चुकलं काय?"

मला शालीखाली हसूही येत होतं आणि रडूही. ज्यांचा त्याच्यावर जीव होता त्यांनीच त्याला पाडायला घेतलं होतं. बाबाजी मात्र मोठ्यानं हसला. असा हसलेला मी त्याला फार दिवसांनी ऐकला. मतमोजणीत तो एकोणीस मतांनी कसाबसा वाचला.

साहेबांना हसू आलं नाही. आठ दिवसांनी ते आले, शाल स्वतःच्या हातानं काढली आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"गावडे, हा जोवर लोकांच्या डोळ्यांपुढं आहे तोवर लोक ह्यालाच मत देणार. तुम्हाला नाही, पक्षाला नाही, ह्याला."

"मग काढून माळ्यावर ठेवतो साहेब."

"छे छे. देवाला माळ्यावर ठेवलं तर लोक रागावतील." त्यांचा हात बाबाजीच्या खांद्यावर गेला. "त्या मागच्या जागेवर आपण कल्याण मंटप बांधायचा. मंजुरी आणणं माझ्याकडं. गल्लीतल्या पोरींची लग्नं तिथंच होतील. आणि हा बॉल पायाच्या खड्ड्यात ठेवायचा, तुमच्या हातानं. लोक म्हणतील, देव पायात बसला. आणि प्रश्न मिटला. आयतु?"

म्हणजे झालं, ठरलं. साहेबांनी बाबाजीचं न बोलणं हेच हो समजलं.

त्यात गल्लीचा दोष म्हणाल तर काही नाही. सगळ्यांना मंटप हवाच होता. वैशालीचं लग्न ठरत आलं होतं आणि बाहेरचं कार्यालय घेणं गोदूबाईंना झेपण्यासारखं नव्हतं. त्या बाबाजीला म्हणाल्या, "तुझ्या जन्माचं हे एक काम चांगलं होणार बघ. मैदान काय, पोरं रस्त्यावर पण खेळतात."

त्याला ते लागलं. पण ती बाई काय खोटं बोलत होती? म्हणूनच तो अडकला. एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला शेजारणीची मुलगी. मध्ये हा, आणि खांद्यावर साहेबांचा हात. नोकरी सोडलेली, गुडघा गेलेला. नाही म्हणाला तर पुढं काय? आणि हो म्हणाला, तर सकाळी उठून बघायला मैदानही नाही.

आदल्या दिवशी दुपारी शुभांगीनं पेटी उघडली. उद्या फोटो निघणार म्हणून पंपानं माझ्यात हवा भरली. बाबाजी दारात उभा होता.

ती हात न थांबवता म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर नको म्हणा की साहेबांना."

"सगळी गल्ली हो म्हणतीय."

"मी गल्लीचं नाही विचारलं."

ती मला दाबून बघत होती. "शिलाई उसवत आलीय ह्याची," एवढंच म्हणाली, आणि पेटी बंद केली.

आणि मग ती धुक्याची सकाळ. मला पितळी ताटात घेऊन वाजंत्री लावून मैदानात नेलं. किती वर्षांनी मी तो मातीचा वास घेतला! खड्ड्याजवळ बाळाचार्य पंचांग घेऊन बसले होते. तेच आमच्याकडची पूजा करतात. एका दिवसानं धनुर्मास लागत होता. तो लागला की महिनाभर शुभकार्य नाही, म्हणून सगळ्यांची घाई. विटांची पूजा झाली, नारळ फुटला. बाबाजीनं चपला काढल्या होत्या, धोतर नेसला होता. समोर साहेब, मागं सगळी गल्ली. धुक्यात चेहरे नुसते ठिपक्यांसारखे. पलीकडचे गोलचे खांब तर दिसतच नव्हते.

"घ्या, गावडे. वेळ झाली," साहेब म्हणाले.

त्यानं मला ताटातून उचललं. खड्ड्यात मी बघितलं. तळाला पंचरत्नाची पुडी, झेंडूची फुलं आणि एक बेडूक. बेडूक बिचारा भिंतीवर उड्या मारून परत खाली पडत होता. मी म्हटलं, बाबा, मलाही जागा दे.

"ठेवा," बाळाचार्य म्हणाले. "दोन मिनिटं राहिली."

बाबाजी वाकला. मला वाटलं, संपलं. पण त्याच्या बोटांनी मला सोडलं ते खड्ड्यात नाही, खड्ड्याच्या अलीकडं, दवानं भिजलेल्या गवतावर. तो चार पावलं मागं गेला. धोतराचा सोगा वर खोचला.

"गावडे?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला.

आणि तो आला. दुखरा गुडघा, पोट सुटलेलं, पण शेवटचं पाऊल तेच. खुंट चुकवून टाकलेलं. अनवाणी डावा पाय माझ्या अंगात घुसला.

कसं सांगू तुम्हाला! माझी शिलाई त्याच क्षणी उसवली, हे मला कळलं. हवा एका बाजूनं शीळ घालत सुटली होती. तरी मी वर गेलो. धुक्याच्या वर नाही गेलो, तेवढा जोर नव्हता त्याच्यातही आणि माझ्यातही. पण धुक्यातून गेलो. कुंकू उडालं, माळ सुटली. लोकांच्या डोक्यांवरून, गोदूबाईंच्या गाडीवरून गेलो आणि खांबांच्या दिशेनं कुठंतरी फसकन पडलो. गोल झाला की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुणाला काही दिसलंच नाही.

मागं एक बाई किंचाळली, "देवाला लाथ मारली!" वाजंत्रीवाले बावचळून परत वाजवायला लागले, त्यांना कुणीतरी गप्प केलं.

साहेब म्हणाले, "गावडे, हे काय केलंत तुम्ही?"

बाबाजीला धाप लागली होती. "साहेब, मला हे मैदान द्यायचं नाही. तोंडानं म्हणायला जमत नव्हतं."

तानूबाई काठी टेकत पुढं आल्या. मला वाटलं, आता मुलाच्या कानाखाली वाजणार. त्यांनी त्याच्या पायाकडं बघितलं. "लागलं काय रे? सुजतंय बघ अंगठ्याकडं."

बाळाचार्यांनी घड्याळ बघितलं आणि पंचांग मिटलं. "गेला मुहूर्त. आता संक्रांतीनंतर बघावं लागेल."

त्या दिवशी पहिल्यांदाच साहेबांचा हात बाबाजीच्या खांद्यावर नव्हता.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. बाबाजीनं कॉर्पोरेटरपणाचा राजीनामा दिला. द्यावाच लागला, कारण लोक घरासमोरून जाताना मान फिरवायचे. ऑफिसचा बोर्ड उतरला. काचेची पेटी साहेबांची माणसं येऊन घेऊन गेली, रिकामीच. बाबाजी आता इकडच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर आहे, कंत्राटावर. सहाची बस पकडतो. जुना पाना हातात आल्यावर त्याची बोटं दोन दिवसांत फोडांनी भरली होती, असं शुभांगी सांगत होती. गोदूबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो गाडीवर गेला की त्या भजी उलटत राहायच्या, मान वर करायच्या नाहीत. तो थोडा वेळ थांबायचा आणि निघून यायचा. त्या दोघांच्या मध्ये तो न बांधलेला मंटप उभा होता. आणि साहेब अजून म्हणतात, संक्रांत होऊ दे.

मी इथं मैदानात आहे. गोलच्या खांबाला टेकून. माझ्यात आता हवा नाही. खेळणाऱ्यांनी मला घरी नेलं नाही, फेकलंही नाही. उसवलेल्या जागेतून भाताचा पेंढा कोंबला आणि मला बसायला ठेवलं. बुटाची नाडी बांधताना माझ्यावर बसतात. ऊन लागतं, दव लागतं, मुंग्या येतात. नवा बॉल कधी अंगावर येऊन आदळतो, कधी कुणाची टाच लागते. कुणी नमस्कार करत नाही. मला बरं वाटतं.

एकच मागणं आहे माझं, म्हाताऱ्याचं. कुणावर जीव असेल तर त्याची पूजा जरूर करा. पण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्या कामावर जाऊ द्या.

काल संध्याकाळी बाबाजी कारखान्यातून सरळ इथं आला आणि माझ्यावरच बसला. तो खड्डा अजून उघडाच आहे. त्याच्याकडं बघत बसला होता. गोदूबाई गाडी बंद करून आल्या. हातात गिरमिटाची पुडी. ती त्यांनी त्याच्यापुढं धरली, आणि महिन्याभरानं पहिल्यांदा बोलल्या.

"एनप्पा, काय रे बाबाजी, नुसता बघत काय बसलास? उद्या कुदळ घे आणि तो खड्डा आधी बुजव. माघात माझ्या वैशालीचा मांडव ह्याच मैदानात घालणार मी. तोवर इथं दुसरा खड्डा मारायला कोण येतो ते बघते. आणि हे तुझे गोलचे खांब हलवू नकोस हं. ह्यालाच आंब्याचा डहाळा बांधते. माझी मुहूर्तमेढ हीच."